हिरव्या बुटांचा सहा नंबर

फुटबॉलला मी आयुष्यात एकदाच पाय लावलाय. शहाद्याच्या कॉलेजात असताना मुलांचा बॉल घरंगळत आमच्या भूगोलाच्या वर्गापाशी आला. मी ऐटीत तो परत मारायला गेले, तर बॉल जागच्या जागी राहिला आणि माझी चप्पल मैदानात गेली. मुलं वर्षभर मला 'चप्पल' म्हणायची. त्यानंतर मी या खेळाच्या वाटेला गेले नाही. आणि आता नऊ वर्षं झाली, मी रोज फुटबॉलच करते.

माझं काम कोणाला चटकन सांगता येत नाही. एसटीत शेजारच्या बाईने विचारलं तर मी "कॉम्प्युटरवर असते" म्हणते. मग ती "सेतू केंद्रात का?" असं विचारून आधार कार्डाची अडचण सांगायला लागते. म्हणून इथे एकदा नीटच सांगून टाकते.

जगात कुठेही फुटबॉलची मॅच झाली, की ती कोणीतरी लिहून काढत असतं. कोणी कोणाला पास दिला, उजव्या पायाने की डाव्या, मैदानाच्या कोणत्या भागातून, पोचला की मधेच कापला गेला. एका मॅचला अशा दीड-दोन हजार नोंदी होतात. त्या क्लबवाले घेतात, पेपरवाले घेतात, नवीन खेळाडू शोधणारे घेतात. आणि त्यातल्या काही मॅचेस लिहिल्या जातात आमच्या नंदुरबारात, एका मिरचीच्या व्यापाऱ्याच्या गोडाऊनवरच्या मजल्यावर. नऊ माणसं, बारा कॉम्प्युटर, दोन इन्व्हर्टर. खाली मिरचीची आवक सुरू झाली की वर आम्ही तोंडाला रुमाल बांधून बसतो. तरी ऐन गोलाच्या वेळी शिंक येतेच.

काम जोडीने चालतं. एक बोलणारा, एक टिपणारा. बोलणारा पडद्यावरची नजर न हलवता सांगत जातो, "सहा, उजवा, लांब, पोचला. अकरा, डावा, कापला." टिपणारा त्याप्रमाणे बटणं दाबतो. मी पहिल्यापासून बोलणारी. ऑफिस सुरू झालं तेव्हाच मी एक नियम करून टाकला होता, की टिपणाऱ्याने बोलायचं नाही. एका जोडीला दोन तोंडं झाली की भांडणात चार पास निसटतात. नियम चांगला होता. निदान मला तसं वाटायचं.

आमच्या वाट्याला टीव्हीवर दिसणारे मोठे क्लब येत नाहीत. युरोपातल्या क्लबांच्या एकोणीस वर्षांखालच्या मुलांची एक स्पर्धा असते, तिच्या अगदी सुरुवातीच्या पात्रता फेऱ्या आम्ही करतो. मोठ्या क्लबांची पोरं थेट पुढे बसलेली असतात. छोट्या देशांत आपली स्पर्धा जिंकलेल्या पोरांना मात्र आधी एकमेकांशी खेळून आत शिरावं लागतं. एक मॅच यांच्या गावी, एक त्यांच्या गावी, दोन्हींचे गोल मिळवून ज्याचे जास्त तो पुढे. दुसरा घरी. कित्येक पोरांचं युरोप म्हणजे या दोन दुपारी. त्यांची दुपार म्हणजे आमची साडेपाच, घराघरांत कांदा चिरायला घेतात ती वेळ.

मला या फेऱ्या फार आवडतात. त्यात सगळं तालुक्याच्या स्पर्धेसारखं असतं. प्रेक्षकांत आईबाप आणि शाळेतले मास्तर. कॅमेरा एकच, तोही लोखंडी पाइपांच्या मचाणावर, आणि कॅमेरावाला गावातलाच, त्यामुळे आपल्या संघाचा गोल झाला की तो उडी मारतो आणि आम्हाला आभाळ दिसतं. अशा वेळी गोल कोणी मारला? कॅमेरा खाली येईपर्यंत थांबायचं आणि पोरं कोणाच्या गळ्यात पडलीत ते बघायचं. दहात नऊ वेळा तोच असतो. दहाव्या वेळी कोणाचा तरी वाढदिवस असतो.

एकदा उत्तरेच्या समुद्रातल्या बेटांवरची मॅच होती. मैदान पार पाण्याच्या कडेला, आणि वारा असा, की गोलकीपरने मारलेला बॉल त्याच्याच डोक्यावरून मागे जायचा. तीनदा बॉल समुद्रात पडला. तिसऱ्या वेळी दोन म्हातारे होडी घेऊन गेले. आमच्या यादीत बॉल मैदानाबाहेर गेल्याचं बटण आहे, समुद्रात गेल्याचं नाही. टिपायला बसलेल्या दिलीपने नियम मोडला नाही, फक्त कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवलं, 'ताई, होडीवाल्यांना नंबर द्यायचा का?'

हा दिलीप पावरा. तोरणमाळच्या अलीकडच्या पाड्यावरचा, बी.एस्सी. झालेला, आणि आमच्या ऑफिसात खरा फुटबॉल खेळलेला एकटाच. बोलतो कमी, पण बोलला की बोचतं. आम्हा सपाटीवाल्यांना टोमणे मारायची एकही संधी तो सोडत नाही. "तुमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेचा पूल," असं म्हणतो.

आमची माय एकदा डोळे तपासायला नंदुरबारला आली होती, तेव्हा तिला ऑफिसात बसवलं. आइसलंडच्या पोरांची मॅच चालू होती. ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"मंगल, हाई काय करी ऱ्हायनी तू? पोरे खेयी ऱ्हायनात, तू कसाले बडबड करी ऱ्हायनी?"

मध्यंतरात मी तिला समजावलं, की कोणी बॉल कोणाला दिला ते आम्ही लिहून घेतो.

"मंग? त्यास्ले सोताले माहीत नही का?"

दिलीप खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. पण उत्तरार्धात मायच पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "हाऊ पोऱ्या कव्हयना एकलाच पयी ऱ्हायना. त्याले कोनीच बॉल देत नही." मी पाहिलं तर खरंच. तो अकरा नंबर अर्धा तास डाव्या कडेने धावत होता आणि त्याच्या नावावर एकही नोंद नव्हती. आमच्या बटणांत धावण्याचं बटण नाही. बॉल आला तरच माणूस आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तोवर आम्ही रेकॉर्ड केलेल्या किरकोळ मॅचेस करत होतो, या स्पर्धेचं तुरळक काम कधीमधी यायचं. एका सोमवारी तुषारभाऊंनी सगळ्यांना बोलावलं. तुषारभाऊ म्हणजे आमचे मालक, पुण्यात काही वर्षं काढून गावी परतलेले. ते उभ्यानेच बोलले, त्यावरूनच आम्हाला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"आपल्याला मॅचेस देणारी वरची कंपनी सगळं काम एका मोठ्या शहरात गोळा करतेय," ते म्हणाले. "आपल्याला एक चाचणी दिलीय. पहिल्या फेरीतली एक लढत, दोन्ही मॅचेस. त्यात पास झालो तर सगळ्या पात्रता फेऱ्या आपल्याकडे. नाही झालो तर दिवाळीआधी ऑफिस बंद."

प्रत्येक जण मनात आपापल्या वाटेने फिरून आला. दिलीपला सुरत होती, तिथे त्याचे दोन भाऊ होतेच. मला कुठेच वाट नव्हती. मुलगी दहावीत, नवरा इथल्याच शाळेत. आणि घरी बसायचं तर तेही माझ्याने झालं नसतं. आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. माझ्या पदवीचा कागद लावायला बापाने खास शहाद्याहून खिळा विकत आणला होता, घरात खिळे असताना. त्या कागदाचा काहीतरी उपयोग होतोय, हे मला दर महिन्याला बघावं लागतं.

पहिली मॅच जॉर्जियात होती. पाऊस, चिखल, वरून एकच कॅमेरा. यजमानांचे शर्ट गडद निळे आणि त्यावर काळे आकडे. ज्याने ते शर्ट निवडले त्याने आमच्यासारख्यांचा विचार केला नव्हता. अशा वेळी आमची एक पद्धत आहे. नंबर दिसत नसले, की प्रत्येकाची एक खूण वहीत लिहून ठेवायची. 'नऊ, शेंडी. तीन, बुटका. सहा, हिरवे बूट. चौदा, पांढरे बूट.' सहा आणि चौदा दोघेही मधल्या फळीत शेजारी शेजारी खेळणारे, एकाच अंगकाठीचे, एकाच न्हाव्याकडे गेलेले. बूट नसते तर वेगळे ओळखताच आले नसते.

पूर्वार्ध सुरळीत गेला. उत्तरार्धात पोरं परत आली तेव्हा पांढरे बूट कोणाच्याच पायात नव्हते, एक जण काळ्या बुटांत आला होता. मी मनात म्हटलं, चिखल आहे, चौदाने बूट बदलले. वहीत पांढरे खोडून काळे लिहिलं.

दहा मिनिटांनी शेजारून आवाज आला, "ताई, हा हिरवा सहा वाटत नाही."

"दिलीप, टिप."

त्याने टिपलं. मॅच रंगली होती. काळ्या बुटांनी नेमका पास देऊन एक गोल उघडून दिला, मग दुसरा. गोलच्या रेषेवर आडवा पडून एक बॉल वाचवलाही. मी घसा फोडून सांगत होते, "चौदा! चौदा! चौदा!"

"ताई, काळाच सहा..."

"दिलीप! नियम माहीत आहे ना?"

तो परत बटणं दाबायला लागला. आमचा, म्हणजे यजमानांचा, संघ दोन-एकने जिंकला. आम्ही फाइल तपासली, पाठवली. तुषारभाऊंनी सगळ्यांना रसवंतीवर नेलं. मी दोन ग्लास प्याले.

सकाळी ऑफिसात आले तर दिलीप आधीच येऊन बसलेला. पडद्यावर कालची मॅच थांबवून ठेवलेली. त्याने माझी खुर्ची ओढून दिली. उत्तरार्ध सुरू होण्याआधीचं चित्र होतं, त्यातला एक कोपरा त्याने मोठा केला. बाकावर एक पोरगा वाकून हिरव्या बुटांची नाडी बांधत होता. त्याच्या पायाशी एक पांढरा बूट पडला होता, तळ उघडून जबडा वासलेला. मग दिलीपने पुढचं एक दृश्य लावलं. काळ्या बुटांचा पोरगा कॅमेऱ्याच्या जवळच्या कडेला बॉल फेकायला आला होता. ओला शर्ट पाठीला चिकटलेला. बारीक बघितलं तर एकच आकडा होता. सहा.

मी वही काढून माझ्या खुणा परत वाचल्या.

"सहाने आपले बूट चौदाला दिले," दिलीप म्हणाला. "आणि स्वतः जुने काळे घातले. आमच्या आश्रमशाळेच्या टीममध्ये बुटांचे तीनच जोड होते ताई. हाफटाइमला पाय बदलायचे. मला काल लगेच वाटलं."

"पण तुला लांबून कळलं कसं?"

"चालीवरून. सहा पळताना डावा हात पोटाशी धरतो." मग तो जरासा हसला. "आमच्याकडे समोरच्या टेकडीवरून कोण उतरतंय ते काय पाठीवरचा नंबर बघून ओळखतात का?"

त्याने दोनदा सांगितलं होतं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, दोन पोरांची अदलाबदल झाली, त्यात काय मोठं. मोठं हे, की या पोरांना शोधणारे लोक मैदानावर येतच नाहीत. ते आमच्या याद्या चाळतात. मधल्या फळीतला, अठरा वर्षांचा, गोल उघडून देणारा. यादीत नाव आलं तर मग माणूस पाठवतात. सहाने आपले बूट दिले आणि त्या दुपारचं त्याचं सगळं काम मी उचलून दुसऱ्याच्या नावावर घातलं. चौदालाही त्यात सुख नव्हतं. कोणी त्याला बघायला आलं असतं, तर त्याला जे येत नाही ते त्याच्याकडे मागितलं असतं.

तुषारभाऊंनी ऐकून कपाळाला हात लावला.

"वरच्यांनी धरलं का?"

"नाही. ते सगळं तपासत नाहीत, मधला मधला भाग बघतात."

"मग?" ते माझ्याकडे बघत राहिले. "ताई, चाचणी चालू आहे. नऊ माणसांची रोजीरोटी आहे. आपणच उठून आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा?"

त्यांचं चूक नव्हतं. मीही सकाळपासून तेच घोकत होते. पण फाइलवर खाली दोन नावं असतात, बोलणाऱ्याचं आणि टिपणाऱ्याचं. चूक पुढे कधीतरी उघडी पडलीच असती, तर ती दिलीपचीही ठरली असती. तो मात्र भिंतीकडे बघत उभा होता, 'मी सांगितलं होतं' हे तीन शब्द त्याने तोंडातून काढले नाहीत. ते त्याने म्हटले असते तर मी कदाचित भांडले असते आणि गप्प बसले असते.

"मी मेल लिहिते," मी म्हटलं. "चूक माझी आहे, माझ्या नावाने लिहिते."

"तुम्ही बी ना ताई!" तुषारभाऊ म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. दहा मिनिटांनी आत येऊन त्यांनीच उत्तरार्ध परत लावला. आम्ही तिघांनी बसून तो पहिल्यापासून लिहिला.

मेल इंग्रजीतून होता. कॉलेजात इंग्रजीत मी कशीबशी पास झालेले. पाच ओळींना दीड तास लागला. शेवटची ओळ अशी होती, की माझ्या सहकाऱ्याने मला मॅच चालू असताना दोनदा सांगितलं, मी ऐकलं नाही. तुषारभाऊ म्हणाले, ही ओळ काढा, चूक झाली एवढं पुरे. मी काढली नाही. दिलीपने ती वाचली आणि म्हणाला, "ताई, 'दोनदा'चं स्पेलिंग बघा." बघितलं, चुकलेलं होतं.

दोन दिवस उत्तर आलं नाही. त्या दोन दिवसांत ऑफिसात सगळे इतके शहाण्यासारखे वागत होते, की खालून व्यापाऱ्याचा माणूस 'कोणी वारलं का' विचारून गेला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. दुरुस्ती मान्य. आमच्या तपासणीतून हे सुटलं होतं, आभारी आहोत. मात्र नियमाप्रमाणे चूक ती चूक, ती धरली जाईल. बाकी दुसऱ्या मॅचवर ठरेल.

म्हणजे दुसऱ्या मॅचला आता चुकायला जागा नव्हती.

ती मॅच समोरच्या संघाच्या गावी, लात्व्हियात होती. त्या दिवशी साडेपाचला पाच कमी असताना मी माझी खुर्ची सोडली.

"दिलीप, तू बोल."

"आणि तुम्ही?"

"मी टिपते."

तो बसला, हेडफोन लावला आणि पडद्याकडे बघतच म्हणाला, "टिपणाऱ्याने बोलायचं नाही हं, ताई."

मागे सगळे हसले. मीही हसले आणि बोटं बटणांवर ठेवली.

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. ती फाइल पास झाली. पात्रता फेऱ्या आमच्याकडे आल्या त्या आजतागायत आहेत. तो सहा नंबर पुढच्या वर्षी एका मोठ्या देशातल्या मधल्या क्लबच्या यादीत मला दिसला. आमच्या दुरुस्तीने तो तिथे गेला, असं मी म्हणणार नाही. तो त्याच्या पायांनी गेला. माझ्या नावापुढे मात्र ती चूक अजून आहे, दरवर्षीच्या तक्त्यात लाल रंगात येते, आणि ती दिसली की मला अजून लाज वाटते. दिलीप आता तपासनीस आहे. माझी प्रत्येक मॅच त्याच्या हाताखालून जाते.

तर ती दुसरी मॅच. यजमान, म्हणजे या वेळी लात्व्हियाची पोरं, एक-शून्यने पुढे, म्हणजे दोन्ही मिळून बरोबरी. सत्त्याऐंशीवं मिनिट. लात्व्हियाच्या गोलपुढे पंधरा पोरांचा गुंता झाला, बॉल दिसेनासा झाला आणि मग जाळीत दिसला. निळ्या पोरांचा ढीग पडला.

"सहा, डावा, गोल," दिलीप म्हणाला.

माझं बोट बटणावर होतं, पण मला तसं दिसलं नव्हतं. मला वाटलं तो चौदा आहे. खरंच वाटलं. नियम मीच केलेला. मागे तुषारभाऊ येऊन उभे राहिले होते.

"दिलीप," मी म्हटलं, "तो सहा नाही. चौदा आहे."

दिलीपने माझ्याकडे मान वळवली नाही. गोलनंतर पोरं नाचत असतात तेवढा वेळ मिळतो, त्या वेळात त्याने ते दृश्य मागे नेलं. एकदा पाहिलं. परत पाहिलं. मग माझ्यासाठी हळू करून लावलं. गुंत्यातून एक डावा पाय पुढे आला होता, आणि त्याच अंगाचा हात पोटाशी घट्ट धरलेला.

"सहाच आहे, ताई," तो म्हणाला. "पण सांगितलंत ते बरं केलंत. पुन्हा वाटलं तर पुन्हा सांगा."

मी बटण दाबलं.